पारो आणि त्याच्या शेजारची रिकामी खुर्ची

पुण्यात एकट्या राहणाऱ्या आईसाठी ‘पारो’ हा सोबतीचा रोबो मागवावा का, अशी विचारणा गेल्या वर्षभरात माझ्याकडे तीन-चार परिचितांनी केली. सगळेच परदेशात नोकरीला आहेत आणि सगळ्यांच्याच मनाला आईच्या एकटेपणाची टोचणी आहे. मी जपानमधल्या एका वृद्धनिवासात काइगोचे, म्हणजे वृद्धांचे जेवणखाण, आंघोळ, उठबस सांभाळण्याचे काम करते आणि आमच्या मजल्यावर पारो दीड वर्षापासून आहे. प्रत्येकाला निरनिराळे उत्तर देण्यापेक्षा हा अभिप्राय एकदाच सविस्तर लिहिते.

पारो हा हार्प सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारखा दिसणारा पांढराशुभ्र, केसाळ रोबो आहे. (त्याला ‘यंत्रमानव’ म्हणणे जिवावर येते, कारण त्यात मानवासारखे काहीच नाही.) ताकानोरी शिबाता यांनी एआयएसटी या जपानी संशोधन संस्थेत १९९३ पासून त्यावर काम केले आणि २००५ पासून तो जपानमध्ये विकला जाऊ लागला. लांबी ५७ सेंटिमीटर आणि वजन अडीच-पावणेतीन किलो, त्यामुळे मांडीवर घेतल्यावर तान्हे मूल घेतल्यासारखे वाटते. स्पर्श, प्रकाश, आवाज, तापमान आणि आपल्याला कसे धरले आहे, हे सारे त्याला कळते. ज्या हालचालीनंतर त्याला गोंजारले जाते ती हालचाल तो पुन्हा करतो आणि जिच्यानंतर फटका बसतो ती टाळतो. दिलेले नावही हळूहळू ओळखू लागतो. कुत्र्या-मांजराऐवजी सील निवडण्यामागचा शिबाता यांचा विचार मला फार मार्मिक वाटतो. खरे मांजर कसे वागते हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे नकली मांजराचे सोंग लगेच उघडे पडते. सीलचे पिल्लू मात्र कोणी कधी मांडीवर घेतलेले नसते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, २००९ मध्ये पारोला दुसऱ्या वर्गातले, म्हणजे मध्यम जोखमीचे, वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ६ हजार डॉलर आहे, म्हणजे आपल्याकडचे पाच लाख रुपये सहज होतात.

आधी गुण सांगते, कारण ते खरोखरच आहेत. आमच्याकडे स्मृतिभ्रंश झालेल्या नव्वदीच्या एक आजी आहेत. संध्याकाळी उन्हे कलली की त्या ‘मला घरी जायचे आहे’ असे म्हणत दाराशी येरझाऱ्या घालू लागतात, आणि ते घर कधीच पाडले गेले आहे हे त्यांना सांगण्यात काही अर्थ नसतो. पारो पहिल्यांदा मांडीवर ठेवला तेव्हा त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या पाठीवर पांघरला, टोके नीट खोचली आणि ‘जेवलास का?’ असे विचारले. पारोने मान वर करून बारीकसा हुंकार दिला. त्यानंतर वीस मिनिटे त्या दाराकडे फिरकल्या नाहीत. उलट शेजारी बसलेल्या, एरवी शब्दही न बोलणाऱ्या दुसऱ्या बाईंना त्यांनी पारोचे कान दाखवले आणि दोघींचे बोलणे सुरू झाले. माणसांना एकमेकांशी बोलायला निमित्त देणे हा पारोचा सर्वात मोठा गुण आहे, असे माझे मत आहे.

मात्र किमतीचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील २८ वृद्धनिवासांतल्या ४१५ रहिवाशांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींना चालू पारो दिला होता, काहींना तोच पारो बंद करून, म्हणजे केवळ मऊ खेळणे म्हणून दिला होता आणि काहींची फक्त नेहमीची देखभाल सुरू ठेवली होती. चालू पारोकडे रहिवासी अधिक पाहत आणि त्याच्याशी अधिक बोलत, हे खरे. पण अस्वस्थता कमी होण्याच्या बाबतीत चालू आणि बंद पारोमधले अंतर फारसे नव्हते.

चार्जरबद्दलही एक तक्रार आहे. तो बाळाच्या चोखणीच्या आकाराचा असून पारोच्या तोंडात खुपसावा लागतो. ज्यांनी ती कल्पना काढली त्यांना ती गोड वाटली असेल, पण ऐंशी-नव्वद वर्षांचे आयुष्य पाहिलेल्या माणसांसमोर ती चोखणी घेऊन वावरताना मला दर वेळी ओशाळल्यासारखे होते. आपण त्यांना भातुकलीत बसवत आहोत की काय, ही शंका त्या क्षणी सर्वात जास्त बोचते. आमच्याकडचे एक निवृत्त शिक्षक मला सरळच म्हणाले होते, ‘हे यंत्र आहे हे मला कळते. पण निदान उत्तर तरी देते.’ त्यांना मी फसवत नव्हते. त्या आजींना फसवत होते का, याचे उत्तर मला अजून देता येत नाही, कारण ‘हा जिवंत आहे ना?’ असे त्यांनी विचारले तेव्हा मी नुसती हसले होते.

आता जे सांगण्यासाठी हे लिहायला बसले त्याकडे येते. पारो आल्यावर चार महिन्यांनी आमच्या वृद्धनिवासाच्या व्यवस्थापनाने संध्याकाळच्या पाळीतल्या तीन कर्मचाऱ्यांपैकी एक कमी केला. ‘आता संध्याकाळी मजला शांत असतो’, असे कारण दिले गेले आणि ते खोटे नव्हते. माणसांची टंचाईही खोटी नाही. जपानमध्ये पासष्टीच्या पुढची लोकसंख्या २९ टक्क्यांवर गेली आहे आणि २०४० पर्यंत आणखी सुमारे ५ लाख ७० हजार काळजीवाहक लागतील, असा इथल्या आरोग्य मंत्रालयाचा अंदाज आहे. माझ्यासारख्या परदेशी बायका इथे आहेत त्या याच कारणामुळे. पुढे एके दिवशी संध्याकाळी त्या आजी पारोला घेऊन तासभर शांत बसल्या होत्या. जेवणासाठी त्यांना उठवायला गेले तेव्हा त्यांचे कपडे, खुर्चीची गादी आणि पारोच्या पोटाकडचे केस भिजलेले होते. एरवी त्यांना लघवीला जायचे असले की त्यांची चुळबुळ वाढे, हात पदराशी चाळा केल्यासारखे टॉवेलच्या टोकाशी खेळू लागत, आणि आम्ही ते ओळखून त्यांना न्यायचो. त्यांची अस्वस्थता हीच त्यांची बोली होती. पारोने ती गप्प केली, आणि ती बोली जाणणारे तिसरे माणूस पाळीवर नव्हते. पारोने त्याचे काम चोख बजावले होते. शेजारची खुर्ची मात्र रिकामी होती.

याला कोणी दोषी धरावे? पारोला धरणे हास्यास्पद आहे. बनवणाऱ्याने तो माणसाऐवजी वापरा असे आम्हाला सांगितले नव्हते. व्यवस्थापनाकडे आकडे होते. राहिली पाळीवरची मी, आणि माझ्याकडे सोळा माणसे होती.

हाच प्रश्न तत्त्वज्ञांनी माझ्या आधी विचारलेला आहे, आणि माझे लक्ष वेधले ते एका योगाने. ऑस्ट्रेलियातील रॉबर्ट स्पॅरो यांनी लिंडा स्पॅरो यांच्यासह २००६ मध्ये वृद्धांची शुश्रूषा यंत्रांच्या हाती सोपवण्यावर टीका केली आणि पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, स्वयंचलित शस्त्रांवर लिहिताना विचारले की, यंत्राने स्वतःहून चुकीच्या माणसाला मारले तर शिक्षा कोणाला करायची: प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला, हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला की यंत्राला? इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ नोएल शार्की यांनी तर २००८ मध्ये मुलांना आणि वृद्धांना सांभाळणारे रोबो व युद्धातले रोबो यांचा विचार एकाच लेखात केला. त्या वेळी ही जोडी मला ओढूनताणून जुळवल्यासारखी वाटली असती. भिजलेली गादी बदलल्यानंतर ती तशी वाटत नाही.

आमच्याकडे काही खाटांवर संवेदक आहेत. माणूस उठून बसला की ते ओळखतात आणि आमच्या खिशातले यंत्र वाजते. दक्षिण कोरियाच्या सीमेवर चाचणीसाठी बसवलेली एसजीआर-ए१ ही पहारा देणारी बंदूक उष्णता आणि हालचाल टिपूनच माणूस ओळखते. गोळी झाडण्याचा निर्णय माणूसच घेतो, अशी ग्वाही तिच्याबाबत दिली गेली. म्हणजे तिथेही सारी भिस्त कोणत्या तरी खुर्चीत कोणी तरी जागे असण्यावर आहे.

मी पुण्याजवळच्या दिघीच्या परिसरात वाढले. तिथल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत ‘दक्ष’ हा बॉम्ब निकामी करणारा रोबो तयार झाला, याचा आम्हाला अभिमान असे आणि आजही आहे. जवान पाचशे मीटरपर्यंत दूर राहून तो चालवतो, जिना चढवतो, संशयित वस्तूचा एक्स-रे काढतो. ते अंतर जवानाचा जीव वाचवते. पण ७ जुलै २०१६ च्या रात्री अमेरिकेत डॅलस येथे पाच पोलिसांना ठार करणाऱ्या हल्लेखोराला संपवण्यासाठी तिथल्या पोलिसांनी बॉम्ब निकामी करण्याच्या कामातल्याच एका रोबोच्या हातात सुमारे अर्धा किलो सी-४ स्फोटक दिले आणि तो त्याच्यापर्यंत नेला. यंत्रात काही बदलावे लागले नाही. हल्लेखोराबद्दल मला कणव नाही आणि त्या रात्री पोलिसांपुढे दुसरा मार्ग होता की नव्हता हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. परंतु २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने पोलिसांच्या रोबोंना जीवघेण्या वापराची परवानगी आधी दिली आणि लोकांच्या विरोधानंतर काही दिवसांतच मागे घेतली, यावरून एकदा झालेला अपवाद किती लवकर नियमावलीत शिरू पाहतो हे दिसते. आमच्या पाळीपत्रकातला अपवादही असाच शिरला होता, ‘तात्पुरता’ या शब्दाच्या आडून.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत डिसेंबर २०२३ मध्ये स्वयंचलित शस्त्रांच्या धोक्यांवर ठराव आला तेव्हा १५२ देशांनी बाजूने आणि ४ देशांनी विरोधात मत दिले. त्या चारांत भारत होता. जिनिव्हात याच विषयावर २०१७ मध्ये भरलेल्या तज्ज्ञगटाच्या पहिल्या बैठकीचे अध्यक्षपद भारताचे राजदूत अमनदीपसिंग गिल यांच्याकडे होते, आणि ही चर्चा आमसभेऐवजी जिनिव्हातच व्हावी अशी भारताची भूमिका आहे. ती समजू शकते. विरोधी मत मात्र मला पटलेले नाही.

आता ज्यांनी विचारले त्यांच्यासाठी. वस्तू म्हणून पारोला मी पाचांपैकी चार गुण देते. एक गुण किमतीसाठी आणि त्या चोखणीसाठी कापते. केस पुसून स्वच्छ करता येतात, आवाज कर्कश नाही आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तो हाताळायला शिकवावे लागत नाही. आईजवळ दिवसातून काही तास बसणारी बाई, शेजारीण किंवा नातेवाईक असेल आणि दोघींना बोलायला विषय हवा असेल, तर जरूर घ्या. ऐपत नसेल तर चांगल्या वजनाचे मऊ खेळणे आणून आधी आठवडाभर पाहा. संध्याकाळची बाई बंद करून तिच्या पगारात पारो बसवण्याचा हिशेब कोणी करत असेल, तर माझ्याकडून शून्य गुण समजावे. एकाने मला तसा हिशेब खरोखरच करून पाठवला होता: बाईचा अठरा महिन्यांचा पगार म्हणजे एक पारो. मी त्याला उलट विचारले की, आईला लघवीला जायचे असते तेव्हा ती काय करते. त्याला ते सांगता आले नाही. त्या बाईला विचारून कळवतो, असे त्याने लिहिले आहे.