‘इको-फ्रेंडली’ कॅनमध्ये नुसतं अत्तर : परळच्या गेस्ट हाउसमधली माझी फसवणूक

गेल्या आठवड्यात दादरच्या एका मंगल कार्यालयात लग्नाला गेले होते. तिथले व्यवस्थापक ओळखीचे. बोलता बोलता त्यांनी टेबलावरची एक स्प्रेची बाटली पुढे केली. "ताई, तुमच्याकडे पडद्यांना, गाद्यांना काय वापरता? हा माणूस पर्यावरणपूरक काहीतरी देतोय, वास एकदम जातो." हिरवं पान, पानावर पाण्याचा थेंब, पांढरं झाकण. नाव वेगळं होतं, बाकी बाटली तीच. माझ्या पोटात गोळाच आला. त्यांना तिथल्या तिथे सगळं सांगितलं आणि घरी येऊन लिहायला बसले. तो माणूस अजून फिरतोय.

परळला टाटा हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवर आमचं चौदा खोल्यांचं गेस्ट हाउस आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. येणारे बहुतेक पेशंट आणि त्यांचे नातेवाईक. केमो चालू असलेल्या माणसाला वास अजिबात सोसत नाही, शेजारच्या फोडणीनेसुद्धा ढवळून येतं. म्हणून आमच्याकडे खोलीत अगरबत्ती नाही, कपाटात डांबरगोळ्या नाहीत. पण पावसाळ्यात मुंबईच्या हवेत भिंतीला लागून असलेली गादी चार दिवसांत कुबट होते. पडदे, चादरी धुता येतात. गाद्या आणि सोफे कुठे नेणार? त्यामुळे रसायनांचा मारा नसलेलं, वास खरोखर घालवणारं काही मिळावं, असं मला मनापासून वाटत होतं. नेमकं तेच ओळखून तो विक्रेता आला.

जून 2024, पाऊस सुरू होऊन आठवडा झाला होता. तिशीतला मुलगा, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं अतिशय गोड. "आमची आजीपण टाटालाच होती, ताई," हे त्याचं दुसरं वाक्य. तुमच्याकडचं सगळ्यात घाण वासाचं कापड द्या म्हणाला. आमच्या हाउसकीपिंगच्या मावशींनी स्वयंपाकघरातलं बोंबलाचा वास मारणारं फडकं आणून दिलं. त्याने चार फवारे मारले आणि फडकं पंख्याखाली धरलं. दहा मिनिटांनी मी स्वतः नाकाला लावून पाहिलं. बोंबलाचा वास नाही आणि अत्तराचाही नाही. मग त्याने तळहातावर फवारा मारला आणि जिभेने चाटून दाखवला. "एंझाइम आहे ताई, बाळाच्या दुपट्यालाही चालेल."

त्या चाटण्याने मी विरघळले. पुढची कागदपत्रं मी नीट वाचलीच नाहीत. वीस लिटरचे सहा कॅन, कॅनमागे 4,200 रुपये, 18 टक्के जीएसटी धरून 29,736. आजच पूर्ण पैसे दिले तर दोन स्प्रे पंप फुकट. क्यूआर स्कॅन केला तर कंपनीऐवजी कुणा व्यक्तीचं नाव आलं. विचारलं, तर म्हणे मालकांचं खातं आहे, कंपनीच्या खात्याची आजची लिमिट संपली. मी पैसे पाठवले. तिथे थांबायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी टेम्पोतून कॅन आले. मावशींनी पहिला कॅन उघडला आणि लगेच म्हणाल्या, "ताई, सँपलला असा वास नव्हता. हा तर अत्तरवाल्याच्या दुकानासारखा येतोय." लिंबाचा, पण खोटा लिंबू, भांड्यांच्या साबणासारखा. मी फोन लावला. "नवीन बॅच आहे, लिंबूतेल जरा जास्त पडलंय, तासाभरात उडून जाईल." मी मावशींवर विश्वास ठेवायला हवा होता, ठेवला फोनवरच्या आवाजावर. सहा खोल्यांत फवारणी झाली.

त्या रात्री साडेअकराला सात नंबरच्या खोलीतल्या बाई खाली आल्या. नांदेडकडचं जोडपं, नवऱ्याची तिसरी केमो आदल्या दिवशीच झालेली. "ताई, खोलीत कसलं औषध मारलंय का हो? ह्यांच्या पोटात पाणी राहीना." मी वर गेले. ते बाथरूमच्या दारात जमिनीवर बसले होते, तोंडाला टॉवेल धरून. खिडकी सताड उघडी, बाहेरून पाऊस आत येत होता, आणि तरी तो लिंबू खोलीभर. आम्ही त्यांना फवारणी न झालेल्या खोलीत हलवलं, गादी बदलली. पहाटेपर्यंत मी जिन्यातच बसून होते. तीस हजारांचं दुःख मला आजही नाही, त्या रात्रीचं आहे.

आठवड्यात लिंबू ओसरला आणि खालून तोच कुबट वास वर आला. क्रीम रंगाच्या पडद्यांवर पिवळी वर्तुळं उमटली, सोफ्याचे हात चिकट झाले, मावशींच्या मनगटांवर पुरळ आलं.

आमच्या चाळीतले एक काका 82 च्या संपापर्यंत गिरणीच्या डाईंग खात्यात होते. त्यांच्याकडे कॅनमधलं थोडं घेऊन गेले. त्यांनी कुबट वास येणाऱ्या जुन्या रुमालाच्या अर्ध्या भागावर ते मारलं, सुकवलं, झाकणाच्या बरणीत घातलं आणि म्हणाले, उद्या ये. दुसऱ्या दिवशी त्यांनी रुमाल जरासा ओला केला आणि माझ्या हातात दिला. दोन्ही अर्ध्या भागांना कुबट वास तितकाच येत होता. "हे वास झाकतं, मारत नाही," काका म्हणाले. खरं काम करणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात, हे त्यांनीच समजावलं. स्टार्चपासून बनणारं सायक्लोडेक्स्ट्रिन वासाचे कण आपल्या पोकळीत अडकवतं. एरंडेलापासून बनणारं झिंक रिसिनोलिएट त्यांना बांधून ठेवतं. एंझाइम घाण तोडतं, पण त्याला ओल आणि वेळ लागतो. त्यामुळे पंख्याखाली दहा मिनिटांत एंझाइमने बोंबील खाल्ला, हे पटण्यासारखंच नव्हतं. सँपलच्या बाटलीत बहुधा दुसऱ्याच कुणाचा चांगला माल ओतलेला होता. "एसडीएस मागितलं होतंस?" त्यांनी विचारलं. सेफ्टी डेटा शीट म्हणजे सोळा भागांचं पत्रक. त्यात मालात काय आहे, त्वचेला काय होतं, पेट घेतं का, सगळं असतं. माझ्याकडे होतं ते चकचकीत ब्रोशर.

मग बाकीची कागदं काढली. आयएसओ 14001 चं, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं, सर्टिफिकेट त्याने मोठ्या दिमाखात दाखवलं होतं. ते खरं असलं तरी कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीचं असतं, कॅनमधल्या पाण्याचं नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, कुणीही स्वतः माहिती भरून काढू शकतं. पर्यावरणपूरक मालासाठी सरकारचं स्वतःचं इकोमार्क 1991 पासून आहे, मडक्याच्या चिन्हाचं. माझ्या कॅनवर होतं नुसतं पान, आणि पान छापायला कुणाची परवानगी लागत नाही. 'बायोडिग्रेडेबल' लिहिलं होतं. त्याचा रिपोर्ट साधारण 28 दिवसांच्या चाचणीचा असतो, तो मागायचा असतो, हेही तेव्हाच कळलं.

बिल तर आमच्या सीएने दोन मिनिटांत उघडं पाडलं. पत्ता भिवंडीचा, पण जीएसटी नंबर 24 ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा. महाराष्ट्राचा 27 ने होतो. वर सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विक्रीचा कर लावलेला, गुजरातहून विक्री असती तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर लागला असता. पोर्टलवर नंबर टाकला तर भलत्याच नावाची, रद्द झालेली नोंदणी. पैसे देण्याआधी मोबाइलवर बघता आलं असतं. भाचा भिवंडीच्या पत्त्यावर जाऊन आला, तिथे प्लायवूडचं गोदाम आहे.

ग्राहक आयोगात जाऊ म्हटलं, तर वकील म्हणाले, व्यवसायासाठी घेतलेल्या मालाला 2019 च्या कायद्यात 'ग्राहक' म्हणून दाद मिळणं अवघड. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः चालवताय असं सिद्ध केलं तर वाट आहे, पण लांबची. हॉटेल, हॉल, क्लिनिक, जिम चालवणाऱ्या प्रत्येकाने हे माहीत करून घ्या. पोलिसात अर्ज दिला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पैसे पाठवून तीन आठवडे झाले होते. तो फोन पहिल्या काही तासांतच करायचा असतो, तरच पैसे वाटेत अडवता येतात. माझे परत आले नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसव्या हिरव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, नुसतं 'इको-फ्रेंडली' लिहून चालत नाही, पुरावा हवा. आता कुणी आलं की मी तो पुरावा मागते, एकच लिटर विकत घेते, एका रिकाम्या खोलीत आठ दिवस वापरते आणि पहिला वास मावशींना घ्यायला लावते. गाद्या भिंतीपासून वीतभर सरकवल्यात, मागच्या भिंतीची गळती काढलीय. त्याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच फवाऱ्याने पडला नव्हता.

चार कॅन जिन्याखाली सीलबंद ठेवलेत, पोलिसांनी मागितले तर द्यायला.

ते नांदेडचं जोडपं पुढच्या जानेवारीत तपासणीला आलं तेव्हा पुन्हा आमच्याकडेच उतरलं. मी सात नंबरचं दार उघडून दिलं. बाईंनी सामान बाहेरच ठेवलं, उंबऱ्यातच थांबल्या आणि आधी खोलीचा वास घेतला. मग नवऱ्याला आत बोलावलं.