घर मी दोनदा पाहिलं होतं

‘घर न बघता पैसे पाठवू नका’ हा सल्ला मला तोंडपाठ होता. मी घर बघितलं होतं. एकदा नाही, दोनदा. नळ सोडून पाण्याचा दाब बघितला, खिडक्या उघडून-लावून बघितल्या, प्रत्येक खोलीत मोबाइलला रेंज येते का तेही बघितलं. तरी फसले.

नवी नोकरी लागली होती, शहर बदलायचं होतं आणि भाड्यासाठी हातात मोजके पैसे. परवडणारी घरं एकतर कामापासून दीड तासावर, नाहीतर फोन करेपर्यंत गेलेली. दोन आठवड्यांत ११ घरं पाहिली. एका ठिकाणी मी जिना चढत होते आणि वरून उतरणारा माणूस टोकन देऊन येत होता. त्या धावपळीत ही जाहिरात दिसली. आसपासच्या घरांपेक्षा भाडं कमी, पण थोडंसंच. फारच कमी असतं तर मला संशय आला असता, आणि हे त्या माणसाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

त्यानं स्वतः किल्ली लावून दार उघडलं. घर नीटनेटकं. पलंगावर दोन टॉवेल घडी घालून ठेवलेले, बाथरूममध्ये छोट्या छोट्या साबणवड्या, कपाटात नुसते हँगर. दारामागे एक कागद चिकटवलेला, त्यावर वायफायचा पासवर्ड आणि खाली ‘जाताना दिवे-पंखे बंद करावेत’. मला वाटलं, काय शिस्तीची माणसं आहेत! स्वयंपाकघरात मिठाचा डबासुद्धा नव्हता. ‘सामान आधीच हलवलं, ताई,’ तो म्हणाला. ते घर चार-पाच दिवसांच्या मुक्कामासाठी पाहुण्यांना देतात आणि हा माणूस तिथला पाहुणा आहे, हे त्या खोल्यांतली प्रत्येक वस्तू सांगत होती. मी नळ तपासत होते.

आणि त्यानं माझी मुलाखत घेतली. किती जण राहणार, नोकरी कुठे, पगार वेळेवर होतो का, आधीचं घर का सोडलं. ‘पैशांचं काय हो, घर चांगल्या माणसांच्या हाती जावं एवढंच.’ ओळखपत्राची प्रत मागितली, नोकरीचं पत्र मागितलं. मी घरी जाऊन सगळं पाठवलं, वर आधीच्या घरमालकांचा नंबरही दिला. मी चांगली भाडेकरू आहे हे त्याला पटवण्यात मी इतकी गुंतले, की तो मालक आहे हे त्यानं मला पटवून द्यायला हवं, हे सुचलंच नाही. खरं सांगायचं तर एकदा सुचलं होतं. पण कागद मागितले तर त्याला राग येईल आणि हेही घर हातचं जाईल, या भीतीनं गप्प बसले. त्यानंच आपणहून स्वतःचं म्हणून एक ओळखपत्र पाठवलं. त्यावरचा फोटो धूसर होता.

आधी टोकन, ‘म्हणजे जाहिरात काढून टाकतो’. दोन दिवसांनी डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं. पैसे पाठवताना खात्यावर भलतंच नाव दिसलं. विचारलं, तर म्हणाला, मेहुण्याचं खातं आहे, माझ्या खात्याची आजची मर्यादा संपली. असं माझंही होतं कधीकधी. मी बटण दाबलं. संध्याकाळी त्यानं किल्ली दिली, करारावर सह्या झाल्या. करार म्हणजे त्यानंच छापून आणलेले तीन कागद.

ठरल्या दिवशी सामान खाली उभं करून वर गेले. किल्ली व्यवस्थित फिरली. आत एक कुटुंब जेवत होतं.

पुढचा अर्धा तास आठवायला नको वाटतो. खरी मालकीण आली तेव्हा तिलाही काही माहीत नव्हतं. आमचं बोलणं चालू असतानाच आणखी एक जोडपं बॅगा घेऊन जिना चढून आलं. त्यांच्याकडेही किल्ली होती.

इथे मी दुसरी चूक केली. त्याचा फोन बंद आहे हे कळत असूनही दुपारभर लावत राहिले. घरी कुणाला सांगायची लाज वाटत होती. बँकेला संध्याकाळी कळवलं, तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. पैसे पुढे गेले की बँकेला ते अडवणं अवघड होत जातं, त्यामुळे आधी बँक, मग पोलीस, आणि रडायचं ते रात्री. तक्रार लिहिताना जाहिरात मागितली, ती त्यानं कधीच काढून टाकली होती. माझ्याकडे फक्त आमचे मेसेज. आणि ते धूसर ओळखपत्र निघालं कुणाचं? आधी असाच फसलेल्या एका भाडेकरूचं. आता माझ्या कार्डाची प्रत त्याच्याकडे आहे. हल्ली मी कुणालाही प्रत दिली तर तिच्यावर आडवं लिहिते: कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला.

महिनाभरानं एकाचा फोन आला, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, थोडी फी आधी भरा. एकदा फसलेल्यांचे नंबरही विकले जात असावेत.

नंतर जे घर मिळालं, तिथे मी आधी खालच्या मजल्यावरच्या आजींशी गप्पा मारल्या. वर कोण राहतं, मालक कोण, सगळं दहा मिनिटांत कळलं. मग मालकीणबाईंकडे वीजबिल आणि घरपट्टीची पावती मागितली. मागताना आवाज कापत होता. त्या जराही रागावल्या नाहीत, उठून फाइलच घेऊन आल्या. पावतीवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच आहे हे बघूनच पैसे पाठवले.

गेल्या आठवड्यात ते पहिलं घर पुन्हा एका जाहिरातीत दिसलं. फोटो आरशातल्यासारखे उलटे केलेले, डावीकडची खिडकी उजवीकडे. फोटोवरून शोध घेतला तर मूळ सापडू नये म्हणून असं करतात. पण पलंगावरचे ते दोन टॉवेल मी लगेच ओळखले. मालकीणीला कळवलं, जाहिरातीची तक्रार केली. त्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवला.