एकट्यानं गुहागर: हायवेनं जावं की खाड्या ओलांडत?

2020 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कोरोनाच्या दिवसांत, मी एकटाच गाडी काढून गुहागरला जाऊन आलो. जाताना मुंबई-गोवा हायवे धरला, येताना दाभोळ, बाणकोट, दिघी अशा खाड्या गाडीसकट बोटीनं ओलांडत अलिबागजवळच्या मांडव्याला आलो आणि तिथून रो-रोनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीनं, मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरलो. तेव्हापासून ऑफिसातले तिघे-चौघे विचारतायत, कुठून जाऊ? 2 सप्टेंबरला जिल्ह्याबाहेर जायला लागणाऱ्या ई-पासची भानगड संपली, ऑक्टोबरात हॉटेलं उघडली, त्यामुळे सगळ्यांनाच समुद्राचे वेध लागलेत. माझ्या घरी आई-बाबा सत्तरीचे. मित्रांबरोबर एका गाडीत आठ तास बसायला मन तयार होईना, म्हणून एकटा. तुमचंही तसंच असेल तर पुढचं उपयोगी पडेल.

वेळेचा हिशोब असेल तर हायवेला तोड नाही. पहाटे साडेचारला परळहून निघालो, साडेबाराला गुहागरात जेवायला बसलो. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एकट्या माणसाची गाडी बंद पडली किंवा वाटेत अंग तापलं तर महाड, खेड, चिपळूण हाताशी आहेत. गॅरेज आहे, दवाखाना आहे, फोनला रेंज आहे. कोरोनाच्या त्या दिवसांत ही लहान बाब नव्हती.

पण धूळ. पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा 2011 पासून तेव्हाही रुंद होतच होता. डांबर संपून डायव्हर्जन लागलं आणि पुढे ट्रेलर असला की त्याचे मागचे दिवेसुद्धा दिसायचे नाहीत. नऊ महिने मी घराबाहेर पडलो तो मास्क लावूनच. पनवेल सुटल्यावर तो काढला, तेव्हा खरं तर एवढंच हवं होतं, की काच खाली करावी आणि वारा तोंडावर घ्यावा. वडखळच्या पुढे रस्ता जरा बरा वाटला म्हणून काच चार बोटं खाली घेतली. पाच मिनिटांत डॅशबोर्डवर बोटानं रेघ उमटेल इतकी पूड. पुढे थांबून थर्मास उघडला तर झाकणाच्या आट्यांत कचकच. मग काचा बंद, एसी आतल्याच हवेवर, ते थेट काशेडी घाटापर्यंत. ज्या कोंडलेपणातून सुटायला निघालो होतो तोच घेऊन मी निम्मं कोकण पार केलं. तुम्हाला याचं काही वाटणारही नाही कदाचित. मला वाटलं, आणि माझा निर्णय तिथेच फिरला.

येताना दाभोळ खाडीच्या गुहागरकडच्या काठावर, धोपाव्याच्या जेटीवर माझ्या डोळ्यांसमोर बोट सुटली. पाऊण तास थांबलो. पुढच्या फेरीला गाडी चढवली तेव्हा दोरी ओढणारा मुलगा म्हणाला, "दादा, उतरू नका, गाडीतच बसा. काच घ्या खाली, वारा येऊ दे." शेजारच्या गाडीत आणि माझ्यात हातभर अंतर, वर मोकळं आभाळ. तिकिटाला माणूस आला तेवढ्यापुरता मास्क लावला.

नद्या दोन्ही रस्त्यांना त्याच. सावित्री हायवेवर महाडजवळ लागते, 2016 च्या 2 ऑगस्टला पूल पडला ती. वाशिष्ठी चिपळूणला. हायवेवरून दोन्ही मला फक्त कठड्यांमधून दिसल्या. त्याच दाभोळला आणि बाणकोटला समुद्राला मिळायच्या बेतात असतात, आणि आपण त्यांच्या अंगावरून सावकाश पलीकडे जातो. बाणकोटची खाडी वेश्वीहून ओलांडून बागमांडल्याला उतरलं की लगेच हरिहरेश्वर. श्रीवर्धन ते दिवेआगर शेखाडीवरून गेलात तर समुद्र डाव्या काचेला लागूनच चालतो, काच बंद करायची वेळच येत नाही.

दिवेआगरला मुक्काम घरगुती ठिकाणी केला. आधी फोन केला होता, तरी काकूंनी अंगणातच विचारलं, "ताप-खोकला नाही ना हो? घरात सासूबाई आहेत." राग यायचं कारणच नाही, माझ्या घरीही तेच. बाहेरची खोली दिली, ताट पडवीत ठेवलं. सकाळी वाडी दाखवली. 3 जूनच्या निसर्ग वादळात पोफळी कमरेत मोडल्या, त्यांचे बुंधे कुंपणाला रचून ठेवले होते. जिथे दुपारीही ऊन पडत नसे म्हणतात, तिथे जमीन उघडी तापत होती. नवी रोपं हातभर उंच. ती सुपारी धरायला वर्षं लागतील, तोवर घर चालणार ते या दोन खोल्यांवर. लाल डाग पडलेला वादळातला नारळ त्यांनी मला फुकट देऊ केला, मी पैसे देऊन घेतला. हायवेनं गेलो असतो तर ही वाडी वाटेत लागली नसती.

आता या रस्त्याच्या अडचणी. दोन दिवस मोडतात. रस्ते अरुंद, समोरून एसटी आली की गाडी मागे घ्यावी लागते, आणि शेजारी बसून वाट सांगणारं कोणी नाही. अंधार पडल्यावर चालवू नये असं माझं मत. पेट्रोल दापोलीत, श्रीवर्धनला भरून घ्या, जेटीसाठी सुटे पैसे ठेवा. रो-रोचं भाडं धरलं तर पैसे वाचत नाहीत. पण 2020 च्या ऑगस्टात ती परत सुरू झाल्यापासून अलिबागहून पुढचा वडखळ-पनवेलचा रस्ता टळतो आणि तासाभरात मुंबई येते. मी वरच्या उघड्या डेकवर कोपरा धरून उभा राहिलो.

दोनच दिवसांची सुट्टी असेल, किंवा मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जायचं असेल, तर निमूट हायवे धरा. तीन रात्री हातात असतील तर निदान एक बाजू तरी खाडीवरून करून बघा, असं सुचवेन. मी फेब्रुवारीत परत निघतोय आणि या वेळी जातानाही भाऊच्या धक्क्यावरूनच. काकूंना फोन झालाय. म्हणाल्या, या, पण खोली बाहेरचीच मिळेल.