ग्रहण पाहायला चष्मा की चाळणी?

झेडपी शाळेतल्या एका सरांचा प्रश्न: 2 ऑगस्ट 2027 ला दुपारनंतर सूर्यग्रहण आहे, पोरांसाठी चष्मे मागवू की चाळणीवर भागेल? विदर्भात ते खंडग्रासच. चंद्राची गडद सावली इजिप्तवरून जाणार, आपल्या वाट्याला नुसती उपछाया, म्हणजे कडेची फिकट सावली. म्हणून सूर्याचा लचका तोडल्यासारखा दिसेल.

खर्चात चाळणीच बरी, ती घरातच असते. सूर्याकडे पाठ करून गव्हाची चाळणी धरायची. मीटरभर खाली प्रत्येक छिद्रातून साधारण 9 मिलिमीटरचा सूर्य उमटतो, कोरीसकट. कडुनिंबाच्या सावलीतही अशा कोरी सांडलेल्या दिसतात! अख्खा वर्ग एकदमच पाहतो, डोळ्यांना धोका नाही. फक्त कोणी छिद्रातून वर पाहू नये.

चष्म्यातून कड रेखीव दिसते, पण पाळीपाळीने. चष्मा आयएसओ 12312-2 या, सूर्य पाहायच्या चष्म्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा हवा, ओरखडा पडला की बाद. एक्स-रे फिल्म, गॉगल नकोच. वेल्डिंगची काच 14 नंबरची चालते; गावातल्या दुकानात सहसा 10-11 ची असते.

ऑगस्टचं आभाळ मात्र बेभरवशाचं. पातळ ढगात चाळणी निकामी, चष्म्यातून थोडंफार दिसतं.

शाळेसाठी चाळणी घ्या, सर. एकट्याने निवांत बघणाऱ्याने चष्मा घ्यावा.