मॅग्नेटिक ट्रेनर आणि त्यावर बसेल असं प्लायचं टेबल

जून ते सप्टेंबर पुण्या-मुंबईकडे सायकल भिंतीला टेकलेलीच असते. मागचं चाक रोलरवर टेकवून घरात चालवायचा मॅग्नेटिक ट्रेनर त्या चार महिन्यांसाठी उत्तम आहे. पण चालवताना नुसतं भिंतीकडे बघायचं असेल तर आठवडाभरात त्यावर कपडे वाळायला लागतात. म्हणून ट्रेनर आणि हँडलच्या वर येईल असं जमिनीवर उभं राहणारं टेबल हा एकच सौदा धरून हे परीक्षण.

आधी ट्रेनर. चुंबकांचा ब्रेक हँडलला लावलेल्या लिव्हरने कमीजास्त होतो. खऱ्या चढाचा भास त्यात नाही, पण आरामात घाम काढायला पुरतो. घेण्याआधी मागच्या चाकाचा अॅक्सल, म्हणजे आस बघा. क्विक रिलीज (लिव्हरने चटकन सुटणारा) असेल तर सोबत येणारा स्टीलचा स्क्यूअरच, म्हणजे आसातून आरपार जाणारी बारीक दांडी, वापरायचा; मूळ स्क्यूअरची टोकं क्लॅम्पमध्ये नीट बसत नाहीत. नटवाला किंवा थ्रू अॅक्सल (फ्रेममध्ये आरपार आवळला जाणारा जाड आस) असेल तर अॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो, आणि दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

आवाजाची तक्रार बहुतेक वेळा टायरची असते. एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा गुठळ्यांचा टायर रोलरवर घरघरतो आणि खालच्या मजल्यावरचे वर येतात. गुळगुळीत टायर चढवा, बाजूवर छापलेल्या कमाल दाबाच्या जवळपास हवा भरा, रोलर टायरला जेमतेम टेकला की नॉब दोन फेरे आवळा. जोर लावल्यावर चाक घसरलं आणि खाली काळी भुकटी पडली, तर रोलर ढिला आहे किंवा हवा कमी आहे. चालवून झाल्यावर रोलर सोडायचा, नाहीतर टायर एका जागी चपटा होतो. खाली जाड रबरी मॅट आणि समोर पंखा हवाच. पंख्याविना घाम थेट हँडल आणि हेडसेटवर (हँडल फ्रेममध्ये फिरतं तो बेअरिंगचा जोड) पडतो आणि बोल्ट गंजतात.

वजन उतरवण्याचा हिशोब सरळ आहे. 100 वॉटवर 45 मिनिटं चालवलं की 270 किलोज्यूल काम होतं. पायांची कार्यक्षमता पाव-एक धरली तर शरीराचा खर्च जवळपास तितक्याच किलोकॅलरींचा, म्हणजे 270च्या आसपास येतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 किलोकॅलरी. आठवड्यातून पाच दिवस चालवलं आणि खाणं वाढवलं नाही, तर एक किलो उतरायला सहा आठवडे लागतात. कमी वाटेल, पण टिकतं तेच. वेग इतकाच ठेवा की फोनवर पूर्ण वाक्य बोलता येईल. सायकलच्या मीटरवरच्या कॅलरीच्या आकड्यावर मात्र विसंबू नका, आणि उतरल्याबरोबर चिवड्याचा डबा उघडू नका.

आता टेबल. सगळ्यात मोठी चूक इथे होते: सायकल जमिनीवर उभी असताना माप घेतलं जातं. ट्रेनरवर मागचं चाक उचललं जातं, पुढच्या चाकाखाली ठोकळा येतो आणि हँडल काही सेंटिमीटर वर जातं. ट्रेनर आधी लावा, दोन आठवडे चालवा, सीटची उंची पक्की होऊ द्या, मगच प्लाय कापून आणा. खालची मापं ट्रेनरवर 103 सेंमी उंच आणि 64 सेंमी रुंद हँडल असलेल्या हायब्रिडसाठी आहेत.

18 मिमीची 6 बाय 4 फुटी एक शीट पुरते. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणारी) प्लाय घ्या, साधी एमआर (फक्त दमटपणा सोसणारी) घामाने फुगते. दोन बाजू 108 बाय 45 सेंमी, वरची फळी 80 बाय 45, मागची आडवी फळी 76.4 बाय 25, पायाच्या दोन पट्ट्या 60 बाय 10. पुण्यात टिंबर मार्केटकडे किंवा कुठल्याही मोठ्या प्लायवाल्याकडे मशीनवर कापून मिळते. करवतीची 3 मिमी जाडी कटिंगच्या कागदावर धरा.

मागची फळी वरच्या फळीला लागूनच बसवायची. ती खाली नेलीत तर पुढच्या चाकाला अडते, आणि अजिबात लावली नाहीत तर टेबल डावी-उजवी डुलतं आणि टाइप करताना स्क्रीन नाचते. पायाच्या पट्ट्या बाजूंच्या बाहेरून, उभ्या, तळाशी, पुढेमागे साडेसात सेंमी बाहेर काढून 32 मिमीच्या स्क्रूने आवळा. कोपरं टेकवल्यावर टेबल अंगावर येत नाही ते त्यांच्यामुळे. बाकी जोडांना फेविकॉल आणि दर 15 सेंमीवर 50 मिमीचा 8 नंबरचा स्क्रू. आधी 3 मिमीचं भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर प्लायच्या कडेचे थर उलगडतात. आवळण्याआधी गुण्या लावा आणि दोन्ही कर्ण मोजा; ते सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे. फेविकॉलला रात्रभर द्या.

टेबलाची जवळची कड हँडलच्या मागे येऊ देऊ नका, गुडघा आपटतो. त्या कडेला सेंटिमीटरभर उंच लाकडी पट्टी ठोका, म्हणजे लॅपटॉप घसरत नाही. उघड्या कडांवर लिपिंग, म्हणजे कड झाकणारी पातळ लाकडी पट्टी, आणि वर पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन हात.

मीटिंग ऐकणं, मेल वाचणं, सिरीज बघणं या टेबलावर झकास होतं. हिशोबाची शीट किंवा ड्रॉइंग नाही, माऊस हलतो. शिवाय हात टेबलावर असले की सगळं वजन सीटवर येतं, त्यामुळे दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहा. कार्बन फ्रेम असेल तर ट्रेनरला जोडण्याआधी कंपनीची परवानगी मॅन्युअलमध्ये बघून घ्या.