८ इंची डॉब्सोनियनमधून बर्नार्डची दीर्घिका

१२०० मिमी नाभीय अंतराच्या ८ इंची डॉब्सोनियनमधून (साध्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण) एनजीसी ६८२२, म्हणजे बर्नार्डची अनियमित दीर्घिका, दिसते. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ बर्नार्डने १८८४ मध्ये ती याहून लहान दुर्बिणीतून शोधली होती. अडचण आरशाची नाही, सोबत मिळणाऱ्या आयपीसची (डोळा लावायच्या भिंगाची) आहे.

दीर्घिकेची प्रत (एकूण तेजस्विता) ९ च्या आसपास, हे वाचून फसू नका. तो सगळा प्रकाश चंद्राच्या अर्ध्या व्यासाएवढ्या जागेत सांडलेला आहे. १० मिमीच्या आयपीसने १२० पट केलं की दीर्घिका दृश्यक्षेत्राची निम्म्याहून जास्त रुंदी व्यापते, तुलनेला काळं आकाश उरत नाही आणि सगळंच करडं दिसतं. २५ मिमी (४८ पट, दृश्यक्षेत्र जेमतेम एक अंश) चालते. त्याहून रुंद क्षेत्रासाठी ३२ मिमीची प्लॉसल (आयपीसचा एक प्रकार) वेगळी घ्याच.

शोधायला धनु राशीतला ५५ क्रमांकाचा तारा फाइंडरमध्ये (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत) धरा. तिथून दीर्घिका उत्तरेला सव्वा अंश, पूर्वेला अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. पण आधी तिच्या उत्तरेचा एनजीसी ६८१८ हा इवलासा निळसर ग्रहीय तेजोमेघ (मरत्या ताऱ्याने फेकलेला वायू) पकडा. ४८ पटीत तो ताराच वाटतो; १० मिमी लावली की चकती उघडते. (या रात्री त्या आयपीसचं एवढंच काम.) मग परत २५ मिमी लावून तेजोमेघ क्षेत्राच्या उत्तर कडेला न्या. दीर्घिका ४० कला (६० कला म्हणजे एक अंश) दक्षिणेला, त्याच क्षेत्रात येते. थेट रोखून पाहू नका. नजर तिरकी ठेवून नळीला हलकी टिचकी मारा: उत्तर-दक्षिण लांबट, कडा नसलेला पुसट डाग हलताना जाणवतो.

ओ-थ्री फिल्टर (चमकत्या वायूचा ठरावीक हिरवट प्रकाशच जाऊ देणारा) दीर्घिकेवर वाया जातो, कारण तिचा बहुतेक प्रकाश ताऱ्यांचा. उत्तर टोकाचे वायूचे ठिपके त्याने उठतात, पण ८ इंचात तेही कसोटीचंच काम.

दुर्बिणीच्या खोड्या सांगायच्या तर सरळ फाइंडर मान मोडतो; काटकोनी बसवा. बैठकीचा पाट पार्टिकल बोर्डचा, कोकणातल्या पावसाळ्यात कापलेल्या कडांतून पाणी पिऊन फुगतो, म्हणून कडांना आधीच वॉर्निश द्या. जड आयपीस लावली की नळी पुढे झुकते, उंचीचा नट थोडा आवळावा लागतो.

महाराष्ट्रातून ऑक्टोबरची अमावास्या धरा, संध्याकाळी साडेसात ते साडेआठ; दीर्घिका सुरुवातीला क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपास असते. तेव्हा दव पडतं, आणि मुख्य आरशाआधी फाइंडर धुरकटतो.