घटपर्णी, मुंबईची गॅलरी आणि जवळपास एक वर्ष

डास कमी होतील म्हणून घटपर्णी (पिचर प्लांट, पानांच्या टोकाला येणाऱ्या घटांत किडे पकडणारी वेल) घेणार असाल, तर घेऊ नका. आमच्या मुलुंडच्या घरी, पूर्वेच्या गॅलरीत ही वेल गेल्या पावसाळ्याआधीपासून आहे. घटात डोकावलं की मुंग्याच मुंग्या, मधूनच एखादी माशी. काठाला सुटणाऱ्या मधासाठी त्या येतात आणि ओल्या काठावरून घसरून थेट पाचक रसात पडतात. झाकण मिटत वगैरे नाही, ते पाऊस आत जाऊ नये म्हणून असतं. पण पानाच्या टोकाला तंतू लांबतो, तो फुगतो, वर वळतो आणि एका सकाळी झाकण उघडतं, ते बघायला मिळावं एवढ्यासाठी मात्र जरूर घ्या.

माझी व्हेंट्राटा, म्हणजे फिलिपिन्सच्या दोन जातींचा संकर. नवख्यांनी हीच घ्यावी. डोंगरातल्या जातींना रात्री गारवा लागतो, तो आपल्याकडे कुठून आणणार? मेघालयातली खासियाना ही भारतातली एकमेव घटपर्णी, पण ती संकटात आहे. जंगलातून उपटलेलं रोप कोणी देऊ केलं तर सरळ नाही म्हणा.

सगळा खेळ पाण्याचा आहे. क्षारांनी मुळं खराब होतात, म्हणून बोअरिंगचं पाणी अजिबात नको. मी पावसाचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये भरून ठेवते, ते संपलं की आरओचं शुद्ध पाणी. जारचं मिनरल वॉटर नको, त्यात मुद्दाम क्षार घातलेले असतात. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवायची नाही: मुळं कुजतात, शिवाय साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची अंडी. पालिकेचे लोक तपासणीला आले की आधी ताटल्याच बघतात. कुंडी टांगून ठेवली की दोन्ही प्रश्न मिटतात.

माती आणि शेणखत नकोच. स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ), परलाइट (हलके पांढरे खडे) आणि नीट धुतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे, एवढं पुरतं. नायट्रोजन ती बराचसा किड्यांतून मिळवते, तिच्या मूळ जागेच्या जमिनीत तो फारच कमी असतो.

नर्सरीतून आणल्यावर जुने घट तपकिरी पडले तर घाबरू नका, प्रवासात रस सांडतो, हवा बदलते. त्या पानाला पुन्हा घट येत नाही, पण पान हिरवं असेपर्यंत कापू नका. लक्ष नव्या पानांवर ठेवा. पावसाळ्यात माझ्याकडे भराभर घट आले; डिसेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी झाल्यावर तंतूंची टोकं नुसती वाळत गेली. एसीच्या खोलीतही तेच होतं. एप्रिल-मेचं दुपारचं ऊन पान भाजतं, सकाळचं मात्र हवंच. सावलीत पानं मोठी होतात आणि घट रुसतात.

व्हीनस फ्लायट्रॅपबद्दल, म्हणजे पान मिटून किडे पकडणाऱ्या वनस्पतीबद्दल, बरेच जण विचारतात. तिला हिवाळ्यात थंडीत विश्रांती लागते, मुंबईत ती मिळत नाही. तेवढ्याच पैशांत दुसरी घटपर्णी घ्या.